घरातला ॲडमिन कोण?

आपल्याकडे घरात संगणक येतो तो बहुधा कोणा एकाच्या निमित्ताने. मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळतो, मुलाला घरून करायची नोकरी लागते, किंवा निवृत्त झालेले बाबा सोसायटीचे हिशेब अंगावर घेतात. दुकानातला किंवा ओळखीतला कोणी मुलगा लॅपटॉप सुरू करून देतो, एक खातं उघडतो, चार आकडी पिन ठेवतो आणि जातो. सहा महिन्यांत तो पिन घरातल्या सगळ्यांना पाठ असतो. मग आईचे योगवर्गाचे व्हिडिओ, बाबांचं नेटबँकिंग, मुलीचे प्रोजेक्ट आणि धाकट्याचे गेम सगळं एकाच डेस्कटॉपवर दाटीवाटीने राहू लागतं. २०२० च्या टाळेबंदीत तर एकाच लॅपटॉपवर सकाळी शाळा, दुपारी ऑफिस आणि संध्याकाळी नातेवाइकांच्या व्हिडिओ भेटी, असे दिवस कित्येक घरांनी काढले.

या दाटीवरचा उपाय त्याच यंत्रात तयार असतो. प्रत्येकाला स्वतंत्र खातं देता येतं, त्याला पैसे पडत नाहीत आणि वेळही फारसा लागत नाही. तरीही तो फारच कमी घरांत वापरला जातो. ‘आमच्यात काय लपवायचंय?’ असा प्रश्न लगेच येतो, आणि तो प्रेमातूनच येतो. पण लपवाछपवीसाठी खाती करावीत असं माझं म्हणणं नाही. कोणती फाइल कोणाची आणि कोणाच्या हातात किती अधिकार, एवढं संगणकाला कळावं यासाठी ती करायची. माझा आग्रह त्याहून थोडा पुढचा आहे. रोजच्या वापराचं कोणाचंही खातं ॲडमिनचं, म्हणजे यंत्रात काहीही बदलण्याचे अधिकार असलेलं, नसावं, संगणक ज्याच्या पैशाने आला त्याचंसुद्धा. हा आग्रह का, ते समजायला साठ वर्षं मागे जावं लागतं.

१९६१ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये, म्हणजे एमआयटीत, फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची प्रणाली चालवून दाखवली. तोवर संगणक एका वेळी एकाचंच काम करत असे आणि बाकीचे आपापली पंच कार्डं घेऊन रांगेत उभे राहत. या प्रणालीत अनेक जण टाइपरायटरसारख्या यंत्रांपुढे बसून एकाच संगणकाशी एकाच वेळी बोलू लागले. यंत्र आपला वेळ बारीक तुकड्यांत सगळ्यांना वाटून देई. वाटणी आली तसे प्रश्नही आले. ही फाइल कोणाची? या आठवड्यात कोणी किती वेळ वापरला? म्हणून प्रत्येकाला नाव आणि पासवर्ड मिळाला. आज आपण लॅपटॉप उघडताना जे टाइप करतो त्याची सुरुवात या वाटणीत आहे.

त्या पासवर्डांचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याचे तास पुरेनात. फाइली छापून मागवण्याची तिथे सोय होती. तिचा आधार घेऊन त्याने सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावाने काम सुरू ठेवलं. आणखी काही वर्षांनी एकदा असं झालं, की जो कोणी लॉगिन करेल त्याच्यासमोर दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या पासवर्डांची यादी उमटू लागली. कारण साधं होतं. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फाइली दुरुस्त करत होते, एक सूचनेची आणि एक पासवर्डांची. दुरुस्तीच्या प्रोग्रामने दोघांच्या तात्पुरत्या फाइलीला एकच नाव दिलं आणि मजकुरांची अदलाबदल झाली. एका जागी एका वेळी एकच माणूस काम करेल, असं त्या प्रोग्रामच्या कर्त्यांनी धरलं होतं. १९९० च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात कॉर्बातोंनी हा प्रसंग स्वतः सांगितला. एका खात्यावर चाललेल्या घरात बापाची फाइल मुलीच्या फाइलीखाली गाडली जाते, त्याचं मूळही याच गृहीतात असतं.

पुढे बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स घडवलं. तिथे प्रत्येक फाइलीला मालक असतो, मालकाचा एक गट असतो आणि उरलेले सगळे ‘इतर’. या तिघांपैकी कोणी वाचायचं, कोणी लिहायचं, कोणी चालवायचं हे त्या फाइलीवरच नोंदलेलं असतं. शून्य क्रमांकाच्या वापरकर्त्याला, रूटला, या नोंदींचं बंधन नाही. आजच्या मॅकमध्ये आणि लिनक्समध्ये हीच व्यवस्था आहे. आपल्या अँड्रॉइड फोनमध्येही आतून लिनक्स असल्याने प्रत्येक ॲप हा एक स्वतंत्र वापरकर्ता मानला जातो, म्हणून एका ॲपला दुसऱ्याच्या खासगी फाइली सहज उघडता येत नाहीत. १९७५ मध्ये जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी या साऱ्या अनुभवातून एक तत्त्व मांडलं: प्रत्येक प्रोग्रामला आणि प्रत्येक माणसाला हातातल्या कामापुरतेच अधिकार द्यावेत. घरच्या संगणकाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर मी ही ठेवेन.

मात्र घरांत जो संगणक आला तो या परंपरेतला नव्हता. १९८१ च्या आयबीएम पीसीवर चालणाऱ्या डॉसला वापरकर्ता ही कल्पनाच माहीत नव्हती. यंत्रापुढे बसेल तो सर्वाधिकारी. विंडोज ९५ नाव आणि पासवर्ड विचारायची, पण एस्केपचं बटण दाबलं की चौकट निघून जाई आणि संगणक निमूट सुरू होई, कारण तो पासवर्ड मुख्यतः नेटवर्कसाठी होता, घरातल्या फाइलींसाठी नव्हे. कार्यालयांसाठी मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये विंडोज एनटी आणली. डिजिटल कंपनीतून आलेल्या डेव्ह कटलर यांच्या चमूने ती बांधली होती आणि तिच्यात खाती, मालकी, परवानग्या सगळं पक्कं होतं. हा पाया घरांत पोचला २००१ मध्ये, विंडोज एक्सपीबरोबर. स्वागताच्या पडद्यावर रांगेने नावं आणि चित्रं दिसू लागली. मात्र बसवताना उघडलेली खाती एक्सपी ॲडमिनचीच करत असे आणि पासवर्डाचा आग्रहही धरत नसे. त्या काळातले पुष्कळ प्रोग्राम वाटेल तिथे लिहिता येईल असं धरून लिहिलेले होते, आणि साध्या खात्यात ते अडखळत. सोयीसाठी दार उघडं ठेवलं गेलं. आपल्याकडे संगणक घरोघर पोचले ते याच काळात, आणि ‘एकच खातं, तेही ॲडमिनचं’ ही सवय तेव्हाची आहे.

२००७ च्या विंडोज व्हिस्टापासून पडदा मंद करून परवानगी विचारणारी चौकट आली. लोक तिच्यावर वैतागले, आजही वैतागतात, पण तिच्यामागचा विचार चांगला आहे. तुम्ही ॲडमिन असलात तरी रोजची कामं साध्या अधिकारांनीच चालतात. एखादा प्रोग्राम यंत्राच्या मुळाला हात घालू पाहतो तेव्हा विंडोज थांबून विचारते. फरक पडतो तो उत्तर देताना. ॲडमिन खात्यात नुसतं ‘होय’ दाबलं की झालं, आणि घाईत, फोनवर बोलता बोलता, चौकट न वाचता ‘होय’ दाबलं जातंच. साध्या खात्यात तीच चौकट ॲडमिनचा पासवर्ड मागते. तो आठवून टाइप करण्यात जे काही क्षण जातात त्यांत माणूस भानावर येतो. वीजबिल म्हणून आलेल्या फाइलीला माझ्या संगणकाचं मूळ कशाला हवंय, हा प्रश्न तेवढ्यात सुचतो.

पासवर्ड दिलाच नाही, तरी धोका पूर्ण टळतो असं नाही. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम साध्या खात्यातही त्या खात्याच्या फाइली बिघडवू शकतो. पण बहिणीच्या खात्यातले फोटो त्याच्या हाताबाहेर राहतात. विंडोजने आतल्या आत ठेवलेल्या जुन्या प्रती पुसणं किंवा अँटिव्हायरस बंद करणं, हेही त्याला ॲडमिनच्या अधिकाराशिवाय सहसा जमत नाही. नुकसान एका खोलीपुरतं राहतं. बाहेरच्या हार्ड डिस्कवर अधूनमधून प्रत काढून ती डिस्क काढून ठेवण्याची गरज मात्र तशीच राहते.

प्रत्यक्ष करायचं काय, तर आधी ॲडमिनसाठी एक वेगळं खातं उघडायचं. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथे अदर यूजर्स. विंडोज ईमेल मागते. ‘या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही’ आणि मग ‘मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय यूजर जोडा’ या अर्थाचे पर्याय निवडले की त्या संगणकापुरतं खातं तयार होतं. त्याचा प्रकार बदलून ॲडमिनिस्ट्रेटर करायचा, पासवर्ड चांगला लांब ठेवायचा, एकदा त्यात शिरून सगळं नीट चालतंय ना पाहायचं, आणि मगच तिथून आपलं रोजचं खातं साधं, म्हणजे स्टँडर्ड, करायचं. हा क्रम मोडू नये. रोजच्या खात्यातल्या फाइली, वॉलपेपर, ब्राउझर यांना काहीही होत नाही. मग घरातल्या इतरांची खाती, सगळी साधी. पाहुण्यांसाठीही एक असावं. विंडोज १० पासून तयार गेस्ट खातं वापरात राहिलेलं नाही, म्हणून दुसऱ्या एखाद्या नावाने साधं खातं उघडावं. लॅपटॉप दुरुस्तीला देतानाही तेच उपयोगी पडतं. दुकानदाराला आपला रोजचा पिन सांगण्याची वेळ येत नाही.

नावाच्या बाबतीत मराठी माणसाने एक काळजी घ्यावी. खातं उघडताना जे नाव देऊ त्याच नावाचा फोल्डर डिस्कवर तयार होतो आणि पुढे नाव बदललं तरी तो फोल्डर बदलत नाही. थेट देवनागरीत ‘आजी’ असं खातं उघडलं तर त्या मार्गावर काही जुने प्रोग्राम अडतात. आधी रोमन अक्षरांत साधं छोटं नाव द्यावं आणि नंतर दिसणारं नाव देवनागरीत करावं. मायक्रोसॉफ्टच्या ईमेल खात्याने सुरुवात केली तर विंडोज त्या पत्त्याची पहिली पाच अक्षरं घेऊन फोल्डर बनवते, आणि मग ‘हा अर्धवट नावाचा फोल्डर कुठून आला’ म्हणून माणूस गोंधळतो.

संगणकाच्या लेखी नावाला फारशी किंमत नाही. प्रत्येक खात्याला विंडोज एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांब क्रमांक देते, ज्याचा शेवट घरच्या खात्यांसाठी हजार किंवा त्यापुढच्या आकड्याने होतो. फाइलीची मालकी नोंदली जाते ती या क्रमांकावर. एका गावात एकाच नावाचे दोघे असले तरी त्यांचे आधार क्रमांक वेगळे असतात, तसंच हे. म्हणून मुलगी होस्टेलला गेली म्हणून तिचं खातं काढून टाकलं आणि सुटीत ती आल्यावर त्याच नावाने पुन्हा उघडलं, तर संगणकासाठी ती नवीन व्यक्ती असते. जुन्या फोल्डरवर तिचा हक्क उरलेला नसतो. त्याहून वाईट म्हणजे, खातं काढताना विंडोज त्यातले फोटो, कागदपत्रं आणि डेस्कटॉपही पुसते. ती तसं विचारते खरं, पण त्या चौकटीचंही घाईत वाचन होत नाही. खातं राहू द्यावं. डिस्कवर जागा हवीच असेल तर आधी सगळं बाहेर उतरवून घ्यावं.

वेगळ्या खात्याचा खरा आनंद मला दिसतो तो घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत. पुष्कळ घरांत आईला किंवा आजीला स्वतःचं खातंच नसतं. ती मुलाच्या लॉगिनमध्ये त्याच्या शेकडो आयकॉनांमधून वाट काढत, कशाला हात लागेल या धास्तीने बसते. तिला तिचं खातं द्यावं. अक्षरं मोठी, बाण मोठा आणि ठळक, डेस्कटॉपवर चारच गोष्टी. कीबोर्डही खात्यागणिक वेगळा ठेवता येतो. बाबांना इनस्क्रिप्टची सवय असेल तर त्यांच्या खात्यात इनस्क्रिप्ट, आणि उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरं दाबून मराठी उमटवायची असेल तर आईच्या खात्यात फोनेटिक. संपूर्ण विंडोजच मराठीत दिसावी अशीही सोय आहे, पण लॅपटॉप घेताना आवृत्ती पाहावी. इथल्या अनेक लॅपटॉपवर ‘होम सिंगल लँग्वेज’ नावाची विंडोज येते आणि तिच्यात पडद्याची भाषा एकच राहते. मराठी टायपिंग तिच्यातही होतं. आपल्या नावाचं, आपल्या अक्षरांच्या मापाचं खातं मिळालं की त्या बाईच्या हातातली भीती कमी होते. तिच्याकडून काही बिघडलंच तर ते तिच्या खात्यापुरतं बिघडेल, आणि हे तिला आधीच सांगून ठेवावं.

मुलांसाठी मायक्रोसॉफ्टची कुटुंब-व्यवस्था आहे. मुलाचं खातं पालकाच्या खात्याला जोडून वेळेची मर्यादा घालता येते, वयाला न शोभणारे गेम अडवता येतात. संकेतस्थळांची चाळणी मात्र एज या ब्राउझरमध्येच काम करते, त्यामुळे दुसरे ब्राउझर अडवून ठेवावे लागतात. साध्या खात्यालाही पळवाटा असतात, कारण काही प्रोग्राम वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसतात आणि ॲडमिनला विचारतच नाहीत. आणि मुलाला ॲडमिनचा पासवर्ड माहीत असेल तर या साऱ्याला अर्थ उरत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाशी बोलून नियम ठरवावेत आणि त्याच्यावर काय काय नजर ठेवली आहे ते त्याला सांगावं. लपून ठेवलेली नजर त्याला एक दिवस सापडते, आणि मग तो संगणकाबद्दलच काय, कशाबद्दलच खरं सांगत नाही.

ॲडमिन साऱ्या खात्यांच्या फोल्डरांत जाऊ शकतो हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. दुसऱ्याचा फोल्डर उघडताना विंडोज एकदा अडवते. ‘कंटिन्यू’ दाबलं की ॲडमिनचा हक्क त्या फोल्डरवर कायमचा नोंदला जातो. म्हणजे खात्यातलं खासगीपण शेवटी ॲडमिनच्या सभ्यतेवर उभं आहे. नवऱ्याने बायकोची कागदपत्रं चाळणं, सासऱ्यांनी सुनेचे फोटो पाहणं हे यंत्राला चुकीचं वाटत नाही. ते चुकीचं आहे हे घराने ठरवायचं असतं. दुसऱ्याचा पासवर्ड जबरदस्तीने बदलण्याचा अधिकारही ॲडमिनला असतो, पण संगणकापुरत्या खात्यात तसं केल्यास विंडोजने त्या व्यक्तीसाठी साठवलेले पासवर्ड आणि तिने कूटबद्ध केलेल्या फाइली हातच्या जाऊ शकतात, कारण त्यांची किल्ली जुन्या पासवर्डातून बनलेली असते.

काही जण म्हणतात, आम्ही क्रोममध्येच वेगवेगळी प्रोफाइल केली आहेत, आणखी खाती कशाला? बुकमार्क आणि ईमेल वेगळे राहायला ती सोय छान आहे. पण सगळी प्रोफाइल विंडोजच्या एकाच खात्यात असतील तर चित्रावर एक क्लिक केली की बाबांचं प्रोफाइल मुलासमोर उघडतं, साठवलेल्या पासवर्डांसकट. भिंत हवी असेल तर ती विंडोजच्या पातळीवरच घालावी लागते.

खाती वेगळी झाली की दोन सवयी लावून घ्याव्या लागतात. उठताना विंडोजचं बटण आणि एल एकत्र दाबून पडदा लॉक करायचा. आणि दुसऱ्याला जागा देताना नुसतं खातं बदललं तर आपले उघडे प्रोग्राम मेमरी अडवून बसतात हे लक्षात ठेवायचं. चार जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर दोघांची कामं अशी उघडी राहिली की यंत्र रांगू लागतं, तिथे साइन आउटच करावं. बंद करताना ‘अजून कोणी हा संगणक वापरत आहे’ अशी सूचना आली तर थांबावं, कोणाचं तरी जतन न केलेलं काम आत असू शकतं. सगळ्यांना लागणारे फोटो आणि कागदपत्रं यूजर्समधल्या पब्लिक फोल्डरमध्ये ठेवली की पेनड्राइव्हची ये-जा संपते.

पासवर्डाची ही भिंत विंडोज चालू असेपर्यंतच उभी असते. डिस्क कूटबद्ध नसेल तर कोणीही लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करेल आणि सगळ्यांच्या फाइली वाचेल. म्हणून नव्या विंडोजमध्ये डिस्क बहुधा आपोआप कूटबद्ध होते आणि तिची ४८ आकडी किल्ली ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक सुरू केला त्या खात्यात जाऊन बसते. लॅपटॉप चोरीला गेला तर हे संरक्षण फार मोलाचं आहे. पण तेच खातं अमेरिकेत राहणाऱ्या मुलाचं असू शकतं, सुटीत आला असताना त्याने आईबाबांना पुण्यात लॅपटॉप लावून दिलेला असतो. मग मदरबोर्ड बदलल्यावर निळा पडदा ४८ आकडे मागतो तेव्हा इथे दुपार असते, तिथे मध्यरात्र, आणि आईबाबांना असे काही आकडे असतात हेच माहीत नसतं. ज्या माणसाने सगळं लावून दिलं तोच अचानक गेला, तर घराचे वीस वर्षांचे फोटो त्या आकड्यांमागे अडकतात.

ती किल्ली त्या खात्यातून काढून कागदावर छापावी. ॲडमिन खात्याचं नाव आणि पासवर्ड त्याच कागदावर हाताने लिहावा. विम्याच्या पॉलिसी आणि घराचा करारनामा जिथे असतो तिथे तो कागद ठेवावा आणि त्याची जागा किमान दोघांना सांगावी, त्यांतला एक जण त्याच घरात राहणारा असावा. पासवर्ड बदलला की त्याच दिवशी कागदही बदलावा.